१७,८०० पगार, मार्चमध्ये बाळ: या यादीतलं नक्की काय घ्यायचं?

मोगरा_भोसरी | ९ जानेवारी, रात्री ११:१०

नमस्कार. बरेच महिने नुसतंच वाचते आहे, लिहायची ही पहिली वेळ. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही दोघं भोसरीत राहतो, एक खोली आणि स्वयंपाकघर. ह्यांना चाकणला कंत्राटावर काम आहे, हातात १७,८०० येतात. भाडं ६,०००, लाइटबिल वेगळं. गावी अहमदपूरकडे सासू-सासऱ्यांना २,५०० पाठवतो. उरलेल्यात किराणा, गॅस, ह्यांचं पेट्रोल. मीही दीड वर्ष एका कंपनीत पॅकिंगला होते, पण आठ तास उभं राहणं झेपेना म्हणून नोव्हेंबरात सोडलं. तारीख १५ मार्चची दिली आहे. पहिलंच आहे. आई नाही, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी जायचा प्रश्न नाही. सासूबाई महिनाभर येणार आहेत.

शिल्लक ३१,००० आहे. घराजवळच्या दवाखान्यात नॉर्मलचे ४५,००० आणि सिझरचे ८०,००० सांगितले. त्यात मैत्रिणीने मोबाइलवर बाळाच्या सामानाची यादी पाठवली. पाळणा, बाबागाडी, बाटल्या निर्जंतुक करायचं मशीन, लंगोट बदलायचं टेबल, बाळाचा वेगळा साबण, तेल, पावडर, लोशन, वॉकर. बेरीज केली तर २८,०००. यादी बघून रात्री रडले, ह्यांना सांगितलं नाही.

यातलं खरंच काय लागतं? ज्यांनी कमी पैशात लेकरू वाढवलंय त्यांनी सांगा.

राजापूरची_आजी | १० जानेवारी, सकाळी ६:३२

मोगरा, आधी ते टेबल काढ यादीतून. बाळाचं दुपटं मांडीवर नाहीतर सतरंजीवर बदलतात, आणि सतरंजीवरून पोर खाली पडत नाही.

तुला लागणार ते लिहून घे. मऊ सुती दुपटी दोन डझन, लंगोट तीन डझन, पुढून बंदांची झबली सहा (मोठ्या मापाची शिव, दोन महिन्यांत लहान होतात), टोपडी दोन, एक कुंची, एक गोधडी आणि मीटरभर मेणकापड. यातलं मेणकापड तेवढं विकत घ्यायचं. बाकी घरातल्या आणि शेजारच्या जुन्या सुती साड्यांतून होतं. नवीन कापड नकोच, त्याला खळ असते आणि ते पाणी शोषत नाही. वीसपंचवीस वेळा धुतलेलं पातळ सगळ्यात उत्तम. एका पाचवारीत पाच दुपटी निघतात, नाहीतर अठरा लंगोट. जरीचा काठ असेल तर कापून टाक, टोचतो.

आता नीट वाच. कडा दुमडून घट्ट धावदोरा घाल आणि सुटा धागा कुठेही ठेवू नकोस. माझ्या धाकट्या जावेच्या मुलाच्या पायाच्या बोटाला लंगोटाचा दोरा गुंडाळला गेला. पोर रात्रभर रडलं. पोट दुखतंय म्हणून आम्ही हिंग लावत बसलो. सकाळी न्हाऊ घालताना बोट काळंनिळं दिसलं. दोरा कातरीच्या टोकाने काढला तेव्हा कुठे गप्प झालं.

पावसाळ्यात आम्ही शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर दुपटी वाळवायचो. शेगडीत ओव्याची चिमूट टाकायची, वास छान येतो.

पन्हाळ्याचा_बाप | १० जानेवारी, दुपारी १:०५

आजींना दंडवत. पण ताई, लंगोटाच्या बाजूने सगळे बोलतील आणि धुणारी तुम्ही एकटी असाल, म्हणून डायपरचा हिशेब देतो. आमचं पोरगं आता चौदा महिन्यांचं आहे.

नवं बाळ दिवसात आठ-दहा वेळा ओलं करतं. सगळीकडे डायपर लावायचं म्हटलं तर ९ रुपयांच्या हिशेबाने रोजचे ८० आणि महिन्याचे २,४०० गेले. आम्ही पहिला महिना असाच घालवला, सासुरवाडीने दोन मोठी पाकिटं दिली होती म्हणून. पाकिटं संपली आणि डोळे उघडले. मग ठरवलं की दिवसा लंगोट, रात्री एक डायपर, आणि बाहेर जाताना एक. महिन्याला ५०० ते ५५०. रात्रीचा डायपर मात्र सोडू नका. बायकोला सलग तीन तास झोप मिळणं हाही खर्चाचाच भाग आहे, नाहीतर ती आजारी पडते आणि ते ५०० डॉक्टरला जातात.

लंगोट धुवायचं काम दादांना द्या. मी दुसऱ्या पाळीला जायच्या आधी बादली संपवून जात होतो. शीचा लंगोट आधी गार पाण्यात, गरम पाण्यात टाकला तर डाग बसतो. हे मला कुणी सांगितलं नाही, सहा लंगोट पिवळे झाल्यावर कळलं.

तिरकस_तात्या | १० जानेवारी, दुपारी २:४७

कटू वाटेल, पण पाळणा हलवायच्या आधी खिसा तपासावा. हलके घ्या.

निशा_नाशिक | १० जानेवारी, दुपारी २:५५

तात्या, तुमच्या आईवडिलांनी तपासला होता का? हलके घ्या.

पन्हाळ्याचा_बाप | १० जानेवारी, दुपारी ३:०१

निशाताई, +१०१.

वॉर्ड_नंबर_दोन | १० जानेवारी, रात्री ९:२०

मी परिचारिका आहे, अठरा वर्षं प्रसूती विभागात. आधी आजींना हात जोडून एक सांगते. ती टोपलीची शेगडी कौलारू घरात चालायची, कौलांतून धूर आणि वायू निघून जायचा. भोसरीच्या बंद खोलीत, थंडीत दार-खिडकी लावून निखारे ठेवायचे नाहीत. शेकासाठी नाही, धुरीसाठी नाही, कपड्यांसाठी तर नाहीच. कोळशाच्या वायूला वास नसतो. बाळ-बाळंतीण झोपेतच जातात.

आता मोगरा, तुझा मोठा आकडा २८,००० नाही, तो ४५ ते ८० हजारांचा आहे. तो आधी बघू.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण मोफत आहे, सिझर असलं तरी. औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, दवाखान्यातलं जेवण, घरून यायला आणि परत जायला १०२ ची गाडी. बाळ आजारी पडलं तर वर्षाचं होईपर्यंत त्याचेही उपचार त्यात येतात. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी ठिकाणी गरोदर बायकांची तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, २०१६ पासून सुरू आहे. तुझी ९ कालच गेली. तरी उद्या जाऊन नाव नोंदव आणि माता-बाल संरक्षण कार्ड करून घे. नोंद नसलेली बाई कळा सुरू झाल्यावर आली की आमची आणि तिची, दोघींची धांदल होते.

लसी. यात सगळ्यात जास्त पैसे उगाच जातात. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ, काविळीची. मग सहा, दहा, चौदा आठवड्यांना पाच आजारांची एकत्र लस, पोलिओ, जुलाबाची रोटा. न्यूमोनियाची सहा आणि चौदा आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात बूस्टर. नवव्या महिन्यातच गोवर-रुबेला. हे सगळं सरकारात फुकट. न्यूमोनियाची लस काही वर्षांपूर्वीपर्यंत सगळीकडे मिळत नव्हती, २०२१ पासून ती देशभर आली. खासगीत त्या एकाच लसीच्या एका डोसला तीन-साडेतीन हजार मोजलेले पालक मी पाहिलेत. फरक एवढाच की सरकारी पाचच्या लसीने एक-दोन दिवस ताप येतो आणि मांडी दुखते. तापाचं औषध तिथेच देतात.

मोगरा_भोसरी | १० जानेवारी, रात्री १०:४८

सिस्टर, खूप आभार. पण खरं सांगते, सरकारीची भीती वाटते. आमच्या चाळीतल्या एकीला कळा येत असताना कुणी बघितलं नाही म्हणे, वर ओरडा खाल्ला.

वॉर्ड_नंबर_दोन | १० जानेवारी, रात्री ११:१५

ओरडतात, खोटं कशाला बोलू. एका पाळीत दोघी असतो आणि टेबलं पाच भरलेली. ते चूकच आहे. पण अडलं तर काय, हे मला महत्त्वाचं वाटतं. छोट्या खासगी दवाखान्यात बाळ निळं पडलं की ते गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात पाठवतात, आणि तो रस्त्यातला अर्धा तास फार वाईट. तुला पिंपरीचं वायसीएम आहे, महापालिकेचं मोठं रुग्णालय. एकदा सकाळी सासूबाईंना किंवा ह्यांना घेऊन नुसती जाऊन ये. प्रसूतीचा वॉर्ड कुठे, रात्री कुठल्या दारातून आत घेतात, सोबत कुणाला राहू देतात, विचारून ये. बघून आलेल्या बायका निम्म्याने कमी घाबरतात.

चिंचपेटी | ११ जानेवारी, सकाळी ११:३०

कुणी बाळगुटीचं लिहिलंच नाही. सहाणेवर हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, खारीक असे एकेक वेढे उगाळून दिले की पोट साफ, झोप छान. वर्षभराचा डबा २०० रुपयांत येतो. आमच्याकडे तीन पिढ्या यावर वाढल्या.

वॉर्ड_नंबर_दोन | ११ जानेवारी, दुपारी ४:०२

चिंचपेटीताई, तुमच्या तीन पिढ्या सुखी राहोत. पण सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. पाणी नाही, गुटी नाही, मध तर वर्षभर नाही. जायफळाने बाळ झोपतं ते गुंगीने. आणि सहाण कुणी उकळून घेत नाही.

चिंचपेटी | ११ जानेवारी, दुपारी ४:४०

सहाण आम्ही उकळत्या पाण्याने धुतो. असो. यावर इथे दर वर्षी भांडण होतं, मी थांबते.

रात्रपाळी | १२ जानेवारी, रात्री २:२५

हे लिहावं की नको असा विचार करत होतो. सगळे झोपलेत म्हणून लिहितो.

आमची मुलगी दीड महिन्याची असताना बायकोला कामावर परत जावं लागलं. दूध कमी झालं, डबा आणला. ४०० ग्रॅमचा डबा साडेचारशेच्या आसपास. त्यावर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा लिहिलंय. त्या मापाने डबा चार दिवसांत संपायचा. म्हणजे महिन्याला सात-आठ डबे, साडेतीन हजार. माझा पगार तेव्हा बारा हजार. मी ६० मिलीला एक चमचा टाकायला लागलो. बायकोला सांगितलं नाही. आईला वाटायचं मुलगी बाटली संपवते म्हणजे पोट भरतंय.

महिनाभर वजन हललं नाही. मुलगी मऊ पडली, रडायची पण कमी झाली. आम्ही म्हणायचो, शांत आहे, गुणाची आहे. डॉक्टरांनी एकच विचारलं, ‘पाणी किती, चमचे किती?’ बायकोने डब्यावरचं माप सांगितलं. मी खाली बघत होतो. डॉक्टरांना कळलं.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, पाणी जास्त झालं की लहान बाळाच्या रक्तातलं मीठ उतरतं, झटके येऊ शकतात. तुम्ही पैसे वाचवत होता हे मला कळतंय, पण हे करू नका, येऊन मला सांगा. मुलगी आता पाच वर्षांची आहे, ठणठणीत आहे. पण ‘गुणाची आहे’ हे शब्द अजून ऐकवत नाहीत.

मोगराताई, डबा आणायची वेळ येऊ नये. आली तर माप मोडू नका.

वॉर्ड_नंबर_दोन | १२ जानेवारी, सकाळी ७:१०

दादा, लिहिलंत ते बरं केलंत. असं करणारे तुम्ही एकटे नाही.

मोगरासाठी: दूध पुरतंय का याची खूण रडणं किंवा गप्प राहणं नाही. पहिला आठवडा गेला की चोवीस तासांत निदान सहा वेळा शू झाली पाहिजे आणि वजन वाढलं पाहिजे. वजन अंगणवाडीत फुकट करून मिळतं. कामावर जायची वेळ आलीच तर हाताने दूध काढून झाकणाच्या स्टीलच्या वाटीत ठेवायचं. बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस. पाजायचं वाटी-चमच्याने नाहीतर बोंडल्याने. बाटली नसली की बाटल्यांचं मशीनही नको, यादीतले अडीच हजार तिथेच गेले. बोंडलं आणि वाटी रोज पाण्यात दहा मिनिटं उकळ, झालं.

वॉकरही काढ. बाळ त्यात लवकर चालत नाही, उलट उंबऱ्यावरून उलटतं. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे.

जमाखर्च | १२ जानेवारी, सकाळी १०:१२

सगळे लंगोट मोजत बसलेत, मी दुसरं विचारतो. मोगराताई, तुम्ही पॅकिंगला होता तेव्हा पगाराच्या चिठ्ठीवर ‘ईएसआय’ (कामगारांचा सरकारी विमा) अशी कपात दिसायची का? आणि पगार किती होता?

मोगरा_भोसरी | १२ जानेवारी, दुपारी १२:५०

पगार १३,००० होता. चिठ्ठी शोधली, त्यावर ईएसआय ९८ असं आहे. दर महिन्याला कापायचे. ह्यांचंही कापतात. ह्यांचं कार्ड आहे, पण ते अपघात झाला तर लागेल म्हणून पाकिटात ठेवलंय. का विचारलंत?

जमाखर्च | १२ जानेवारी, दुपारी १:३४

कारण तुम्ही जे २८,००० वाचवायला बसला आहात त्याच्या जवळजवळ तिप्पट रक्कम तुमची तिकडे पडलेली असू शकते. सावकाश वाचा.

९८ म्हणजे १३,००० चा पाऊण टक्का, तो तुमचा वाटा. मालकाने सव्वातीन टक्के भरायचे असतात. या कपातीतून दवाखानाच मिळतो असा सगळ्यांचा समज असतो. पण विमा असलेल्या बाईला बाळंतपणाच्या काळात २६ आठवडे रोख पैसे मिळतात, सरासरी रोजच्या पगाराइतके. पूर्ण पगार, अर्धा नाही.

अट अशी की प्रसूती ज्या सहामाहीत होते तिच्या आधीच्या दोन वर्गणी-काळांत मिळून निदान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी. वर्गणी-काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. मार्चमधली प्रसूती जानेवारी ते जून या लाभ-काळात येते, आणि त्याला मागच्या एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी लागू पडते. तुम्ही तो पूर्ण काळ कामावर होता. ७० दिवस कधीच पार झालेत.

नोकरी नोव्हेंबरात सोडली म्हणून हा हक्क जात नाही. पुन्हा लिहितो: जात नाही.

ढोबळ हिशेब. १३,००० भागिले ३० म्हणजे रोजचे ४३३, गुणिले १८२ दिवस, ७८ हजारांच्या पुढे. नक्की आकडा कार्यालय काढेल. यातले ८ आठवडे तारखेच्या आधीचे धरता येतात, म्हणजे तुमचे दिवस याच आठवड्यात सुरू होताहेत. दहा आकडी विमा क्रमांक शोधा, आधार आणि बँकेचं पासबुक घ्या, ईएसआयच्या डॉक्टरकडून गरोदरपणाचा दाखला घ्या आणि शाखा कार्यालयात जा.

मोगरा_भोसरी | १२ जानेवारी, दुपारी २:२०

दादा, मी तीनदा वाचलं. सोडताना कंत्राटदाराच्या माणसाला विचारलं होतं की बाळंतपणाचं काही मिळतं का. तो म्हणाला, नोकरी सोडली की काही नसतं, पीएफचा फॉर्म भरा आणि जा.

जमाखर्च | १२ जानेवारी, दुपारी २:४१

त्याला माहीत नसेल, किंवा असेल. त्याच्याकडे जायची गरजच नाही, हे पैसे कंत्राटदार देत नाही, ईएसआयचं महामंडळ देतं. आणि ह्यांचं पाकिटातलं कार्ड: बायको म्हणून तुम्हाला त्यावरही ईएसआयच्या रुग्णालयात बाळंतपण करता येतं. चिंचवडला मोहननगरमध्ये त्यांचं रुग्णालय आहे. तुम्हाला वायसीएम आणि ते, दोन्ही बघून ठरवता येईल.

निशा_नाशिक | १२ जानेवारी, दुपारी ३:३०

वा! शिवाय पहिल्या बाळाला सरकारच्या मातृ वंदना योजनेचे ५,००० मिळतात, दोन हप्त्यांत, ३,००० आणि २,०००. अंगणवाडीताई नाहीतर आशाताई फॉर्म भरून देतात. आणि मुलगी झाली तर लेक लाडकी योजनेचे टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार.

जमाखर्च | १२ जानेवारी, दुपारी ३:५८

निशाताई, थांबा. मातृ वंदना त्यांच्यासाठी आहे ज्यांना कुठल्या कायद्याखाली असाच लाभ मिळत नाही. ईएसआयचा लाभ घेतला की ते ५,००० घेता येत नाहीत. दोन्ही अर्ज केले तर पुढे वसुलीची कटकट. ७८ की ५, निवड सोपी आहे.

लेक लाडकी १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींना आहे, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड हवं. पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत लागतं. १७,८०० ला बाराने गुणा. बसत नाही. उगाच दाखल्यांसाठी तहसीलचे हेलपाटे नकोत.

तिरकस_तात्या | १२ जानेवारी, सायंकाळी ५:१५

मीही ह्या धाग्यावर काहीतरी उपयोगाचं लिहितो. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत फुकट होते. नंतर दंड आणि चकरा. माझ्या नातवाच्या वेळी सूनबाईंचं नाव पसंत होईना म्हणून आम्ही थांबलो आणि अडकलो. नाव नंतर घालता येतं, नोंद आधी करा.

पन्हाळ्याचा_बाप | १२ जानेवारी, सायंकाळी ५:२२

तात्या, तुम्हाला एक चहा आमच्याकडून.

राजापूरची_आजी | १३ जानेवारी, सकाळी ६:१०

बारशाचं सांगते. बाळंतविड्याला लोक हौसेने फ्रॉक आणि खेळणी आणतात, दोन महिन्यांत दोन्ही अडगळीत. नातेवाइकांना सरळ सांग, मला अमुक हवंय. मी माझ्या सुनेच्या वेळी नणंदेला ‘तू डिंकाचे लाडू आण’, भावजयीला ‘तू अळीव आण’, आणि धाकट्या दिराला ‘तू दोन महिने अंघोळवालीचे पैसे दे’ असं वाटून दिलं होतं. कुणाला राग आला नाही. उलट काय न्यावं याचा घोर मिटला म्हणाले.

सई_बेळगाव | १३ जानेवारी, दुपारी १२:१५

सहा महिन्यांनंतरचं माझ्याकडून. बाजारातला बाळाच्या खाण्याचा डबा ३०० ग्रॅमला तीनशेच्या घरात जातो. नाचणी किलोला पन्नास-साठ. मी असं करते: नाचणी निवडून, तीन पाण्यांत चोळून धुते. मातीचं पाणी जातं, ते आळस न करता ओतायचं. रात्रभर भिजवते. सकाळी ओल्या पंच्यात बांधून खुंटीला टांगते, दुसऱ्या दिवशी मोड येतात. सावलीत खडखडीत वाळवून कढईत मंद भाजते. वास सुटला की लगेच उतरवायची, मिनिटभर जास्त झालं की कडू होते. मग दळायची आणि पातळ कापडाने चाळायची. एक किलो दीड महिना पुरतं.

लापशी चमच्यावरून ओघळता कामा नये. आपल्याकडे सगळे पाणीदार पेज पाजतात आणि म्हणतात वजन वाढत नाही. वर चमचाभर तूप. मीठ-साखर वर्षाचं होईपर्यंत नको.

चिंचपेटी | १३ जानेवारी, दुपारी १:०३

कृती छान आहे, पण याला नाचणीचं सत्त्व म्हणू नका हं कुणी. सत्त्व म्हणजे भिजवून वाटून गाळायचं, खाली बसलेला साका वाळवायचा. हे मोडाचं पीठ.

सई_बेळगाव | १३ जानेवारी, दुपारी १:१०

मी सत्त्व म्हटलेलंच नाही. आणि गाळून चोथ्यात टाकण्यापेक्षा पीठच बरं.

वॉर्ड_नंबर_दोन | १३ जानेवारी, रात्री ८:४५

सई, अगदी. सहा महिने ते तीन वर्षं अंगणवाडीतून घरी न्यायचा आहारही मिळतो, नाव लावून ठेवा. आणि एक खर्च मात्र करायचाच, ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट, वर्षभर. थेंब किती ते डॉक्टर सांगतील, बाटलीगणिक वेगळे असतात.

मोगरा_भोसरी | २४ मे, दुपारी ३:४०

सगळ्यांना नमस्कार. धागा वर काढते आहे, मुलगी झोपलीय तेवढ्यात.

१४ मार्चला झाली, दोन किलो आठशे. सरकारीतच झाले, कुठल्या ते लिहीत नाही कारण तक्रारही सांगायची आहे. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, टाके नीट घातले, एकदाही ओरडा बसला नाही. बिल शून्य. पण बाळ कापडात गुंडाळून आणून देणाऱ्या मावशी ह्यांच्यासमोर हात पुढे करून उभ्या राहिल्या. मुलगा झाला की ५०० असतात म्हणे, मुलगी आहे म्हणून २०० द्या. ह्यांनी ५०० दिले. बाहेर आल्यावर मी विचारलं कशाला दिले, तर म्हणाले, तिला दोनशेची म्हणू देणार नाही. मला हसावं की रडावं कळेना.

ईएसआयचं जमाखर्चदादांनी सांगितलं तसंच निघालं. शाखेत तीन खेपा झाल्या. आधारवर आणि त्यांच्या नोंदीत माझं नाव वेगळं लिहिलेलं होतं, ते दुरुस्त व्हायला दोन आठवडे गेले. आत्तापर्यंत ४१,००० जमा झालेत, बाकीचे यायचे आहेत. पहिला हप्ता आला त्या दिवशी बँकेचा मेसेज ह्यांना दाखवला. ते म्हणाले, चुकून आले असतील, खर्च करू नकोस.

सामानावर एकूण ३,१४० गेले. मेणकापड, टब, थेंब, मच्छरदाणी, रात्रीचे डायपर. पाळणा घेतला नाही, सासूबाईंनी जुन्या साडीची झोळी बांधली. बारसं घरीच केलं, बावीस माणसं, घुगऱ्या आणि चहा. वॉकर मात्र आलाच, ह्यांच्या कंपनीतल्या मित्रांनी वर्गणी काढून आणला. माळ्यावर टाकलाय, त्यात कांदे ठेवलेत.

रात्रपाळीदादा, तुमचं लिहिलेलं मी छापून आणलं आणि फळीला लावलंय. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या गप्प झाल्या. नंतर म्हणाल्या, आमच्याकडे पण दुधात पाणी घालायचे, दोन लेकरं राहिली नाहीत. हे मला माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं.

आजी, तुम्हाला विचारायचं आहे. पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आला. एकच खोली आहे, गॅलरी नाही, आणि सिस्टरांनी शेगडी नको सांगितलंय. लंगोट वाळवायचे कसे?

पन्हाळ्याचा_बाप | २४ मे, दुपारी ४:१५

अभिनंदन ताई! दादांना सांगा, त्या पाचशेसाठी माझा सलाम.

रात्रपाळी | २५ मे, रात्री १:५०

वाचलं. बरं वाटलं.

राजापूरची_आजी | २५ मे, सकाळी ६:०५

मोगरा, पोरीला आशीर्वाद. कांद्यांना गाडी मिळाली म्हणायची.

पंख्याखाली खोलीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोरी बांध. रात्री पिळून, झटकून टाक, एकावर एक नको. सकाळी जे दमट राहील त्यावर इस्त्री फिरव. इस्त्री नसली तर सपाट बुडाच्या पातेल्यात कढत पाणी ओतून ते फिरव, तेवढंच काम होतं. पण तीन डझनांनी पावसाळा निघत नाही, पाच लागतील. जाड कापड नको, धोतराचं पातळ वाळतं लवकर.

पत्ता व्यनिने (खासगी निरोपाने) कळव. आमच्या ह्यांची चार धोतरं ट्रंकेत घडी घालून ठेवलीत, सहा वर्षं झाली. पोस्टाने पाठवते. कडा मीच शिवून देईन, आता डोळ्यांना सुई दिसत नाही पण हाताला कळते.